गॅरेजवाल्या काकांना, ट्रॉफीवर नजर ठेवायला सांगितल्याबद्दल

काका, हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय कारण तुमच्यासमोर उभा राहिलो की माझ्या तोंडून "चला येतो" एवढंच निघतं.

'द वाइल्ड वन', बाईकवाल्या गँगचा तो जुना हॉलिवूड पिक्चर, मी कॉलेजात असताना मोबाईलवर बघितला होता, तोही तुकड्या-तुकड्यात, आणि तुम्हाला येऊन सांगितलं की काही दम नाही, मार्लन ब्रँडो लेदर जॅकेट घालून गावभर भाव खात फिरतो, संपला पिक्चर. तुम्ही वाद घातला नाहीत. प्लग साफ करता करता म्हणालात, "परत बघ, आणि ट्रॉफीवर नजर ठेव."

मग त्या रविवारी शटर अर्धं ओढून आपण लॅपटॉपवर लावला, पिक्चर सव्वा तासाचा पण आपल्याला तीन तास लागले कारण तुम्ही सारखा थांबवत होतात. बाईकवर बांधलेल्या ट्रॉफीवर ऑईलचं काळं बोट टेकवून म्हणालात, "ही त्याने जिंकलेली नाही रे, पोरांनी ढापून आणलीये, आणि तीसुद्धा दुसऱ्या नंबरची." तिथून पुढे मला जॉनी, म्हणजे ब्रँडोचा तो गँगचा म्होरक्या, वेगळाच दिसायला लागला, एवढी गँग मागे आणि स्वतःचं म्हणावं असं काहीच नाही त्याच्याकडे.

गावाकडे तर मी आधी बघितलंच नव्हतं. बिअर खपतेय म्हणून बारवाला खूश, पोलीस बिचारा भांडण नको म्हणून गप्प, आणि मग तीच सभ्य माणसं जॉनीला धरून बदडतात. पुढे तो पळताना कुणीतरी टामी फेकतो, हा पडतो, गाडी एकटीच पुढे जाते आणि एक म्हातारा मरतो. तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत, नुसता चहाचा ग्लास खाली ठेवलात.

हॉलिस्टरचंही तुमच्याकडूनच कळलं, 1947 च्या 4 जुलैला कॅलिफोर्नियातल्या त्या गावात रेसच्या निमित्ताने बाईकवाल्यांनी खरंच गोंधळ घातला होता आणि त्यावरून हे सगळं सुचलं. आणि ब्रिटनमध्ये 1967 पर्यंत पिक्चरवर बंदी, पण जॉनीची गाडी त्यांचीच, ट्रायम्फ थंडरबर्ड, हे सांगताना तुमचा चेहरा काय फुलला होता काका!

पण खरं सांगायचंय ते शेवटाबद्दल. म्हाताऱ्याच्या मरणाचा आळ जॉनीवर येतो, पण गावातल्याच दोघांच्या साक्षीमुळे तो सुटतो, शेरीफ म्हणतो त्यांचे आभार तरी मान, आणि ह्याला शब्दच फुटत नाही, शेवटी त्या पोलिसाची मुलगी कॅथीच सांगते की त्याला ते जमत नाही. कॉलेजात मला तो माज वाटला होता. तुमच्या शेजारी बसून बघितलं तेव्हा दिसलं की तो खरंच शब्द शोधतोय आणि त्याला सापडत नाहीयेत, आणि माझा घसा दाटला, कारण बारावीपासून तुमच्या गॅरेजात बसतोय, किती शिकलो, आणि एकदाही बोललो नाही.

थँक्यू काका. अगदी मनापासून. रविवारी येतो, ली मार्विनच्या चिनोवर, त्या दुसऱ्या गँगच्या म्होरक्यावर, तुमचं बोलणं अर्धवट राहिलंय.