अर्धा लिटर दूध: सांतियागोहून वहिनींना पत्र

सांतियागो, चिली

ती. सौ. वहिनी आणि दादा यांना सा. न. वि. वि.

वहिनी, पत्र पोचलं. शाळेच्या भित्तिपत्रकाला ‘डॉक्टर आणि पुढारी’ हा विषय घेतलात आणि त्यात पहिलं नाव डॉ. ना. सु. हर्डीकरांचं घातलंत, हे फार चांगलं केलंत. धारवाडात जन्मलेले, डॉक्टर होऊन पुढं अमेरिकेत शिकून आलेले हर्डीकर १९२३ साली हिंदुस्थानी सेवा दल उभं करतात. लगेच पुढच्या वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरतं आणि त्यांचे स्वयंसेवक तिथं राबतात. खानापूर तालुक्यातल्या मुलांना हे ठाऊक नसेल तर मग कुणाला असणार? घटप्रभेच्या आरोग्यधामाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे, तेही लिहायला लावा.

परदेशातला एक डॉक्टर हवा, असं तुम्ही म्हणता. त्याच पत्रात ‘क्षीरभाग्या’च्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शाळेतल्या दूध योजनेच्या, दुधाची तक्रारही लिहिलीत: तळाला गुठळ्या राहतात, काही पोरं अर्धा पेला ओतून देतात, दोघा-तिघांचं पोट दुखतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसापाशी येऊन भेटतात, म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच लिहितो.

त्यांचं नाव साल्व्हादोर आयेंदे, डॉक्टर आणि पुढं चिलीचे राष्ट्राध्यक्ष. जन्म २६ जून १९०८. त्यांचे आजोबा रामोन आयेंदे पादीन हेही डॉक्टर होते, सिनेटरही होते आणि पेरू-बोलिव्हियाशी झालेल्या युद्धात चिलीच्या लष्कराची वैद्यकीय सेवा त्यांनीच बसवली. नातू १९२६ साली चिली विद्यापीठात वैद्यकीला गेला. विद्यार्थी चळवळीत पडल्यामुळं अटक झाली, १९३३ साली पदवी मिळाली. त्याच वर्षी वाल्पाराइसो या बंदराच्या गावी समाजवादी पक्षाची शाखा उभी करण्यात ते होते. राजकारणामुळं डॉक्टरकीच्या जागा मिळेनात. शेवटी मिळालं ते शवविच्छेदनाचं काम, जे कुणालाच नको असतं. आपण दीड हजार शवविच्छेदनं केली, असं ते पुढं सांगत.

माझ्या मते त्यांचं सगळं राजकारण इथूनच सुरू होतं, आणि मुलांनी हाच भाग नीट लिहावा. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरसमोर रोगी येतो, औषध घेऊन जातो, पुढं त्याचं काय झालं ते कळत नाही. विच्छेदनाच्या टेबलावर शेवट आधी दिसतो. फुप्फुसातला क्षय, वाळलेलं मूल, बाळंतपणात गेलेली बाई. कारण विचारत मागं जावं तर वाट जाते ती एका खोलीत राहणाऱ्या आठ माणसांकडं, मजुरीकडं आणि पोटात न गेलेल्या अन्नाकडं. त्या काळी चिलीत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे अडीचशेच्या आसपास मुलं पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत, म्हणजे चारांत एक.

१९३७ साली ते खासदार झाले आणि १९३९ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आरोग्यमंत्री. त्याच वर्षी त्यांनी चिलीच्या आरोग्याची आणि समाजाची स्थिती मांडणारं पुस्तक काढलं. मंत्र्यानं आपल्याच देशाची इतकी कडक तपासणी क्वचितच केली असेल. बालमृत्यू, मातामृत्यू, क्षय, गुप्तरोग, चोरून केलेले गर्भपात, कामाच्या जागी होणारे आजार, सगळं आकड्यांसकट. औषधांच्या किमतीही तपासल्या आहेत: तेच औषध कंपनीच्या नावानं घेतलं तर किती आणि साध्या नावानं घेतलं तर किती. उपाय सुचवताना मात्र सुरुवात दवाखान्यापासून नाही. आधी मजुरी, मग घर, मग अन्नाचा पुरवठा, असा भर आहे.

पुढचा प्रवास मुलांना थोडक्यात चालेल. १९४५ पासून सिनेटर. १९५२ साली चिलीत राष्ट्रीय आरोग्य सेवा स्थापन झाली, वेगवेगळ्या तुकड्यांत विखुरलेले दवाखाने आणि विमा-निधी एका छताखाली आले. त्या कायद्यासाठी सिनेटात झटणाऱ्यांत ते पुढं होते. राष्ट्राध्यक्षपदासाठी चार वेळा उभे राहिले. १९५२ साली साडेपाच टक्केही मतं नाहीत. १९५८ साली सुमारे तेहेतीस हजार मतांनी हुकले. १९६४ साली मोठ्या फरकानं पडले. १९७० साली ३६.६ टक्के मतं घेऊन पहिले आले. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसल्यामुळं निवड संसदेनं करायची होती. तिथं १५३ विरुद्ध ३५ अशी ती झाली आणि ३ नोव्हेंबरला त्यांनी सूत्रं घेतली.

आता दूध. सरकार आल्यावर पहिल्यांदा काय करणार याची चाळीस कलमांची यादी त्यांच्या आघाडीनं निवडणुकीतच दिली होती. त्यात पंधरावं कलम होतं: चिलीतल्या प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध. नुसत्या गरिबांच्या नव्हे, प्रत्येक मुलाला. या शब्दावर तेव्हा टीका झाली, पण मला तो बरोबर वाटतो. घरात तीन मुलं असताना एकाच ‘कुपोषित’ मुलाला दूध दिलं तर ते दूध तिघांत वाटलं जाणार, आणि ज्याच्यासाठी आलं त्याच्या वाट्याला तिसरा हिस्सा येणार. आई दुसरं काय करील? पंधरा वर्षांपर्यंतची मुलं, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया, सगळ्यांना धरलं की हा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो.

हिशेब असा. अर्धा लिटर दूध करायला साधारण ६५ ग्रॅम साईसकट दुधाची पावडर लागते. महिन्याला होते सुमारे दोन किलो. ओलं दूध दुर्गम डोंगरात रोज पोचवणं अशक्य. दोन किलोची पिशवी महिन्यातून एकदा पोचते. पण देशात तेवढ्या गाई नव्हत्या, म्हणून पावडर बाहेरून आणायची, आणि त्याला लागणारं परकीय चलन यायचं तांब्यातून. जुलै १९७१ मध्ये तांब्याच्या खाणी सरकारी करण्याचा ठराव संसदेत एकमतानं झाला, विरोधकांसकट. पण त्याच वर्षी जगात तांब्याचा भाव पडला. दूध आणि तांबं इतकं एकमेकांत अडकलेलं होतं, हे वरच्या वर्गातल्या मुलांना जरूर समजावून सांगा.

पावडर वाटली जायची ती आरोग्य केंद्रातून, आणि ही गोष्ट मला दुधाइतकीच महत्त्वाची वाटते. आई पिशवी न्यायला येणार म्हणजे मूल काट्यावर चढणार, उंची मोजली जाणार, लस राहिली असेल तर तिथंच टोचली जाणार. आजही इथं तसंच आहे: सहा वर्षांखालच्या मुलाचं कार्ड पूर्ण असेल तर पिशवी मिळते. नुसतं दूध गाडीतून वाटून मोकळं झालं असतं तर एवढा परिणाम दिसला नसता, असं माझं ठाम मत आहे. १९७० साली इथला बालमृत्यू हजारी ८० च्या आसपास होता, १९७३ साली सुमारे ६५. हा उतार आधीच सुरू झालेला होता, म्हणून सगळं श्रेय एका सरकारला देऊ नका. मुलांनी ‘आयेंदेंनी बालमृत्यू संपवला’ असं लिहिलं तर खोडा.

बिघडलंही बरंच. पावडर कशी कालवायची हे घरोघरी ठाऊक नव्हतं. पाणी दूषित असलं की दुधाबरोबर जुलाब घरात. आणि मोठ्या मुलांत पोटदुखी. तुमच्या शाळेतला प्रश्न हाच आहे, म्हणून तो जरा सविस्तर लिहितो.

क्षीरभाग्यात एका मुलाला १८ ग्रॅम पावडर, १० ग्रॅम साखर आणि त्यातून १५० मिलि दूध असं प्रमाण आहे. शंभर मुलांना १ किलो ८०० ग्रॅम पावडर, १ किलो साखर, आणि तयार दूध १५ लिटर. पाणी सुरुवातीला १४ लिटरच्या आसपास घ्या, कारण पावडर आणि साखर जागा धरतात आणि उकळताना थोडं आटतं. एका सरळ काठीवर १५ लिटरची खूण करून ठेवा. पातेल्यात काठी उभी धरली की कमी-जास्त लगेच कळतं. पावडर पेल्यानं मोजू नका, तागडीनं मोजा. शिगोशीग पेला आणि सपाट पेला यांत बराच फरक पडतो, आणि दूध पातळ झालं तर फटका पोरांना बसतो.

गुठळ्या होतात त्या पावडर सरळ उकळत्या पाण्यात टाकल्यामुळं. दाण्याचा बाहेरचा थर लगेच भिजून चिकट होतो आणि आत कोरडी पावडर अडकते. मग कितीही ढवळा, ती फुटत नाही. स्वयंपाकाच्या अक्कांना सांगा, आधी साखर आणि पावडर कोरडीच एकत्र करायची. साखरेचे दाणे पावडरीला सुटं ठेवतात. मग बोट बुडवलं तर सोसवेल इतक्या कोमट पाण्यात त्याची धिरड्याच्या पिठासारखी सरबरीत पेज करायची, ती चाळणीतून गाळून उरलेल्या पाण्यात सोडायची आणि मग उकळी आणायची. जाळ मोठा नको. पळी तळापर्यंत फिरली पाहिजे, नाहीतर तळ लागतो आणि करपल्याचा वास सगळ्या पातेल्याला चढतो. पोरं पेला ओततात ती पुष्कळदा याच वासानं.

उकळल्यावर झाकून ठेवलेलं कोमट दूध दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. उरलेलं दुपारी परत गरम करून देणं तर नकोच. फोडलेल्या पिशवीचं तोंड घट्ट बांधून कोरड्या डब्यात ठेवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फारच जपा. साईची पावडर आहे, तिच्यात सव्वीस टक्के स्निग्धांश असतो. हवा आणि ओल लागली की तिला जुन्या तेलासारखा वास येतो. असा वास आला तर ती पिशवी परत करायची, वापरायची नाही.

पोटदुखीचं कारण वेगळं. दुधातली साखर पचवणारा रस अनेकांच्या पोटात पाच-सहा वर्षांनंतर कमी होत जातो. हा आजार नव्हे, जगातल्या बहुतेक माणसांचं तसंच आहे, आणि आपल्या दक्षिणेकडं उत्तरेपेक्षा जास्त. दीडशे मिलि दुधात ही साखर सात ग्रॅमच्या आसपास असते. एवढी बहुतेक मुलांना सोसते, पण उपाशीपोटी एका दमात प्यायली तर नाही. म्हणून ज्या पोरांचं पोट दुखतं त्यांना आठवडाभर पाव पेला द्या, तोही काहीतरी खाल्ल्यावर, मग अर्धा, मग पूर्ण. बहुतेकांचं जमतं. तरीही दुखलं तर जबरदस्ती नको, घरी ताक-दही चालेल, तेवढं आईला सांगा.

एक इशारा ताईलाही कळवा. तिच्या अंगणवाडीतल्या बाया विचारतील म्हणून लिहितो: ही पावडर तान्ह्या बाळासाठी नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. इथं बाळाला पावडरीचं दूध द्यायची वेळ आलीच तर ती शंभर मिलिला साडेसात ग्रॅम इतकी पातळ करून, त्यात ठरलेलं तेल घालून देतात, तेही केंद्रातल्या आहारतज्ज्ञानं लिहून दिल्यावर. अंदाजानं करायची ती गोष्ट नव्हे.

आयेंदेंचा शेवट मुलांना सांगावाच लागेल. १९७२ च्या ऑक्टोबरात ट्रकवाल्यांचा मोठा संप झाला, माल अडला. डॉक्टरांची संघटना, जिचं अध्यक्षपद कधीकाळी त्यांनीच सांभाळलं होतं, तीही त्यांच्या विरोधात संपावर गेली. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्करानं उठाव केला, राष्ट्राध्यक्षांच्या ‘ला मोनेदा’ वाड्यावर विमानांनी बाँब टाकले आणि आयेंदेंनी तिथंच स्वतःचा अंत करून घेतला. २०११ साली अवशेषांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही हाच निष्कर्ष निघाला. लहान वर्गांसाठी ‘त्या दिवशी वाड्यातच त्यांचा मृत्यू झाला’ एवढं पुरे. लष्करी राजवटीनं त्यांच्या सरकारचं बहुतेक सगळं मोडून काढलं. दुधाची वयोमर्यादा सहा वर्षांखाली आणली, पण दूध बंद केलं नाही.

भित्तिपत्रकात फोटोखाली जन्ममृत्यूच्या तारखा, त्याखाली ‘कलम १५’ आणि बाजूला शंभर मुलांच्या दुधाचं प्रमाण असा तक्ता काढायला लावा. स्वयंपाकघराच्या भिंतीवरही तोच तक्ता मोठ्या अक्षरांत लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये, म्हणजे नव्या अक्का आल्या तरी अडणार नाही. आणि शाळेत वजनकाटा असेल तर दर महिन्याच्या एकाच तारखेला, चपला काढून, दूध पिण्याआधी वजन घ्या आणि नावापुढं त्याच दिवशी लिहा. लागोपाठ दोन महिने ज्याचं वजन वाढलं नाही त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं.

वाचून झालं की हे पत्र गडहिंग्लजला ताईकडं धाडा. दादाला आणि पोरांना आशीर्वाद-नमस्कार यथायोग्य.

तुमचा,
धाकटा दीर