दुचाकीस्वाराच्या पायातील बूट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दुचाकीवरील सुरक्षेविषयी वृत्तपत्रांतून जे लिहिले जाते त्यात हेल्मेटाला पहिला मान मिळतो आणि ते योग्यच आहे, कारण डोक्याला झालेली इजा प्राणावर बेतते. परंतु ही चर्चा डोक्यावरून खाली येता येता जॅकेट आणि हातमोज्यांपाशी थांबते. पायात काय असावे हे ज्याने त्याने आपापले ठरवावे, असे जणू सर्वांनी गृहीत धरले आहे. वस्तुस्थिती अशी की दुचाकीच्या अपघातात सर्वांत जास्त मार पायांनाच बसतो. युरोपातील पाच देशांत ९२१ अपघातांची सखोल तपासणी करणाऱ्या ‘मेड्स’ या अभ्यासात नोंदलेल्या दुखापतींपैकी जवळजवळ एक तृतीयांश कमरेखालच्या अवयवांच्या होत्या. त्यांतील बहुतेक दुखापती जीवघेण्या नसतात, म्हणून त्यांची बातमी होत नाही. मात्र घोट्याचे हाड नीट जुळून आले नाही, तर माणूस पुढे अनेक वर्षे जिना चढताना आणि उतरताना ते भोगत राहतो.

पाऊल हा अवयव किती गुंतागुंतीचा आहे हे लक्षात घेतले, म्हणजे बुटाकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी ते कळते. एका पावलात २६ हाडे असतात आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना वर आलेल्या हाडांवर कातडीखेरीज जवळजवळ काहीच आच्छादन नसते. गाडी आडवी पडते तेव्हा पाय बहुतेकदा गाडीच्या आणि रस्त्याच्या मध्ये सापडतो, आणि शंभर किलोंहून अधिक वजनाचा लोखंडी सांगाडा पावलाला बाजूने दाबतो. गाडी त्याच वेळी घसरत असेल, तर अडकलेले पाऊल एकीकडे आणि नडगी दुसरीकडे अशी पिळवटली जाते. यासाठी मोठा वेग लागतोच असे नाही. वळणावरच्या वाळूत किंवा सांडलेल्या तेलावर संथ गतीने घसरलेली गाडीही घोटा मोडू शकते. म्हणून ‘मी कुठे वेगाने जातो’ हे उत्तर मला कधीच पटलेले नाही.

बूट जाड दिसला की तो मजबूत असणारच, या समजुतीने फार नुकसान होते. जाडी ही बऱ्याचदा स्पंजाची असते. स्पंज पायाला मऊ लागतो, पण आडव्या दाबाखाली तो क्षणात चपटा होतो. घेणाऱ्याने दुकानातच बूट हातात घेऊन चार गोष्टी कराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. पहिली म्हणजे, चवड्याच्या सर्वांत रुंद भागापाशी सोलच्या दोन्ही कडा पकडून त्या एकमेकींकडे दाबाव्यात. सोल मध्येच दुमडत असेल, तर गाडीखाली पाऊलही तसेच दुमडेल. त्यानंतर एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात टोक धरून ओले कापड पिळावे तसा बूट पिळून पाहावा. चालण्यासाठी तो पुढेमागे वाकला पाहिजे, पण आडवा पिळला जाता कामा नये. टाचेमागचा भाग आणि दोन्ही घोट्यांवरील भाग अंगठ्याने जोरात दाबावा, आणि आत कडक वाटी आहे की नुसती अस्तराची घडी आहे ते बोटांनीच ओळखावे. चौथी गोष्ट सहसा कोणी करत नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बूट पायात घालून सर्व बंद आवळावेत आणि दुसऱ्या कोणाला तरी टाच धरून तो ओढायला सांगावे. आवळलेला बूट असा निघून येत असेल, तर रस्त्यावर फरफटत जाताना तो पायात राहणार नाही. आणि पायातून सुटलेला बूट कितीही भारी असला तरी त्या क्षणी निरुपयोगीच.

या सगळ्याची शास्त्रशुद्ध चाचणी युरोपच्या ‘ईएन १३६३४’ या मानकात घालून दिलेली आहे. मोटारसायकलस्वारांच्या संरक्षक पादत्राणांसाठीच ते तयार केलेले असून त्यानुसार तपासलेल्या बुटाच्या आतल्या चिठ्ठीवर किंवा शिक्क्यावर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र आणि त्यासोबत चार आकडे असतात. पहिला आकडा बुटाची उंची सांगतो. दुसरा घर्षणात वरचे कातडे किती टिकते ते, तिसरा धारदार वस्तूचा घाव किती सोसतो ते, आणि चौथा आडव्या दाबाला सोल किती दाद देत नाही ते सांगतो. प्रत्येक ठिकाणी १ किंवा २ असतो आणि २ म्हणजे वरची पातळी. (उंचीच्या बाबतीत १ म्हणजे आखूड आणि २ म्हणजे उंच, एवढेच.) पुढे ‘आयपीए’ ही अक्षरे असल्यास घोट्यावरील आघाताची चाचणी झालेली असते, ‘आयपीएस’ असल्यास नडगीवरील आघाताची, आणि ‘डब्ल्यूआर’ असल्यास पाणी आत न शिरण्याची. घोट्यासाठीची चाचणी ऐच्छिक आहे, हे वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. चार आकडे उत्तम असूनही घोट्याविषयी काहीच हमी नाही, असे होऊ शकते. माझ्या मते खरेदी करताना चौथा आकडा आणि ‘आयपीए’ ही अक्षरे आधी शोधावीत, रंग व नक्षी नंतर पाहावी. ज्या बुटाच्या खोक्यावर केवळ गाडीचे चित्र छापलेले आहे आणि आत कोणतेच चिन्ह नाही, तो तपासला गेल्याचा कोणताही पुरावा ग्राहकाच्या हाती नसतो.

असे प्रमाणित बूट सर्वांना सहज मिळतातच असे नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणून चपला आणि कापडी बुटांवर समाधान मानण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त दुचाकीस्वारांच्या पोशाखाचा अभ्यास झाला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे बूट किंवा खेळाचे बूट घालणाऱ्यांच्या तुलनेत, दुचाकीसाठी खास बनवलेले नसलेले पण उंच बूट घालणाऱ्यांना इजा होण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी असल्याचे त्यात आढळले. त्यामुळे घोटा पूर्ण झाकणारा, जाड अखंड चामड्याचा, दुहेरी-तिहेरी शिवणीचा आणि कडक सोलचा साधा बूटही मी आखूड आणि जाळीदार ‘रायडिंग शूज’पेक्षा वरचढ मानतो. जाळीचे कापड डांबरावर फार लवकर फाटते, आणि त्याखाली केवळ मोजा आणि कातडी उरते.

कारखान्यात वापरतात त्या सेफ्टी शूजबद्दल अनेक जण विचारतात. आंतरराष्ट्रीय ‘आयएसओ २०३४५’ मानकानुसार त्यांचे टोक २०० जूल इतका आघात सोसते, म्हणजे सुमारे २० किलो वजन एक मीटर उंचीवरून पडण्याइतका. बोटांच्या दृष्टीने हे संरक्षण उत्तमच आहे, पण ती कसोटी वरून पडणाऱ्या वजनाची आहे. बाजूने दबणाऱ्या पावलाचा आणि पिळवटणाऱ्या घोट्याचा तिच्यात विचार नाही. शिवाय लोखंडी टोपीमुळे बुटाचे नाक जाड होते आणि कित्येक गाड्यांवर ते गिअरच्या खटक्याखाली नीट सरकत नाही. घोट्यावर येणारा उंच प्रकार निवडला आणि गिअर सहज बदलता येतो याची खात्री करून घेतली, तर असा बूट तात्पुरता पर्याय म्हणून चालेल, याहून अधिक मी म्हणणार नाही.

बांधणीपैकी नाडीचा धोका तर घरबसल्या टाळता येण्यासारखा आहे. लोंबणारी नाडी फूटरेस्टमध्ये, गिअरच्या खटक्यात किंवा उघड्या चेनमध्ये अडकते, आणि सिग्नलपाशी गाडी थांबताच पाय खाली टेकवायचा असतो नेमका तेव्हा तो निघत नाही. नाडी असलीच तर ती आत खोचता आली पाहिजे किंवा तिच्यावर झाकणारी पट्टी हवी. झिप आणि तिच्यावर वेल्क्रोची रुंद पट्टी, किंवा बकल, ही रचना अधिक भरवशाची आहे. झिप पायाच्या आतल्या बाजूला असेल तर रस्त्यावर घासून ती उघडण्याची शक्यता कमी होते. सोल रबराचा आणि तेलावर न घसरणारा असावा. त्यावर फार खोल खाचा असल्या की चिखल अडकतो आणि फूटरेस्टवर पाय नीट बसत नाही, पण अगदी गुळगुळीत सोल ओल्या रस्त्यावर पाय टेकवताना दगा देतो.

स्कूटर चालवणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे, कारण पुढे पत्रा आणि पायाखाली फळी असल्यामुळे आपले पाय गाडीच्या आत सुरक्षित आहेत, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात स्कूटर आडवी होते तेव्हा फळीची कड आणि रस्ता यांच्यामध्ये पावलाला फारशी जागा उरत नाही, आणि चाके लहान असल्याने खड्ड्यात तोल जाण्याचा प्रसंगही मोटारसायकलपेक्षा जास्त येतो. रहदारीत वरचेवर पाय टेकवावा लागतो, तो वेगळाच. स्कूटरस्वाराला गिअरसाठी बुटाच्या नाकावर जादा चामड्याची गरज नसते आणि गुडघ्यापर्यंतचा बूट फळीवर अडचणीचा होतो; पण घोट्याची वाटी, कडक सोल आणि घट्ट बसणारी टाच यांत त्याने कोणतीही सवलत घेऊ नये. कार्यालयात वेगळे बूट लागत असतील, तर ते सीटखालच्या जागेत ठेवता येतात. मोटारसायकलवर मात्र उंच बुटाचा आणखी एक फायदा आहे. तापलेल्या सायलेन्सरला पोटरी टेकून भाजण्याचा धोका त्याने टळतो.

पावसाळ्यात पुष्कळ जण गमबूट घालतात. तो पाणी अडवतो, परंतु पायात सैल असतो, घोट्याला आधार देत नाही आणि ओढल्याबरोबर निघतो. वर सांगितलेल्या चौथ्या परीक्षेत तो पहिल्याच झटक्यात नापास होईल. नेहमीच्या बुटावर प्लॅस्टिकचे आवरण चढवायचे असेल, तर त्याचा तळ रबरी आहे का ते पाहावे, कारण गुळगुळीत प्लॅस्टिक फूटरेस्टवरून सटकते. आत पाणी अडवणारा पडदा असलेले बूट चांगले, पण पँट बुटात खोचली तर पावसाचे पाणी वरून उतरते आणि तो पडदा तेच पाणी आत साठवून ठेवतो. रेनकोटची पँट बुटाच्या बाहेर सोडणे हा त्यावर साधा उपाय. भिजलेले चामडी बूट उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवू नयेत. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून, ते बदलत राहून सावलीत वाळवावेत, नाहीतर चामडे कडक होऊन भेगाळते.

मापाविषयी एवढेच की पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी आणि जे मोजे घालायचे तेच घालून पाहावेत, आणि शक्य असल्यास गाडीवर बसूनच पाहावेत. उभे राहून सैलसर वाटणारा बूट गुडघा वाकवून बसल्यावर नडगीला रुतू शकतो. नव्या बुटाची जाडी वेगळी असल्याने ब्रेकचा आणि गिअरचा अंदाज आरंभी चुकतो. बहुतेक मोटारसायकलींवर गिअरच्या खटक्याची उंची कमी-जास्त करता येते, ती मेकॅनिककडून जुळवून घ्यावी आणि पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर सराव करावा. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेले बूट नवे दिसतात म्हणून विश्वासाने घालू नयेत, कारण पॉलियुरेथेनचे सोल हवेतील ओलाव्याने आतून कुजतात आणि एके दिवशी तुकडे होऊन गळू लागतात. एकदा मोठा आघात सोसलेल्या बुटातील घोट्याची वाटी तडकली असेल, तर तो बूट बदलणेच इष्ट.

मागे बसणाऱ्याचे पायही तितकेच उघडे असतात. किंबहुना त्यांच्या शेजारीच मागचे चाक आणि सायलेन्सर असतात, आणि लहान मुलांची पावले चाकाच्या तारांत सापडण्याचे प्रकार घडतात. मुलांना गाडीवर बसवताना निदान टाच पूर्ण झाकणारे, पायात पक्के बसणारे बंद बूट घालावेत.

आपल्याकडे एक विनंती आहे. नव्या गाड्यांची ओळख करून देणाऱ्या लेखांत इंजिन, मायलेज आणि दिव्यांविषयी सविस्तर माहिती असते. त्यातच जाड सोलचा उंच बूट घालून गिअरच्या खटक्याखाली पाय सरकतो का, स्कूटरच्या फळीवर तसे बूट घातलेली दोन्ही पावले पूर्ण मावतात का, आणि मागे बसणाऱ्याची टाच सायलेन्सरला लागते का, ही माहितीही परीक्षकांनी द्यावी. त्याचबरोबर बुटांच्या जाहिराती स्वीकारताना चाचणीचे चार आकडे जाहिरातीत छापण्याविषयी आपण उत्पादकांना सुचवावे. ते आकडे छापायला कोण तयार होतो आणि कोण टाळतो, यावरूनच ग्राहकाला बरेच काही कळेल.

आपला विश्वासू,
एक दुचाकीस्वार वाचक