पोरीची व्हॅलिडिटी आली

आई, आण्णा,

परवा फोनवर आण्णा तुम्ही म्हणालात, "पोरा, तुला मागं ठेवून गेलो ते चुकलंच आमचं", आणि लगेच मेंढरांचा विषय काढला. मला काही बोलताच आलं नाही म्हणून लिहितोय, दादाची पोरगी वाचून दाखवंल.

आधी बातमी, माझ्या पोरीची व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचा दाखला आला! सात महिने सांगलीत हेलपाटे घातले. दरवेळी एकच, 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा आणा, तेव्हा तुमची माणसं कुठं राहायची. आता काय सांगायचं, आपला वाडा, म्हणजे मेंढरांसकट बिऱ्हाडांचा तळ, बसंल तिथं. दिवाळी झाली की आटपाडी सोडायची, कऱ्हाड-पाटणकडं जायचं, पावसाला माघारी, रोज कुणाच्यातरी रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण लावून मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात शेतकरी पायली-दोन पायली ज्वारी द्यायचा, त्याची पावती कोण देणार होतं? भटके म्हणून आपल्या धनगरांना एनटी-सी, म्हणजे भटक्या जमाती-क चं साडेतीन टक्के आरक्षण आणि भटक्यांकडंच राहण्याचा जुना कागद मागायचा, लय राग यायचा.

शेवटी गावच्या शाळेत निर्गम उतारा, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याची नोंद मिळाली, आज्ज्याच्या धाकट्या भावाचा, 1958 चा. रजिस्टर मी स्वतः बघितलं, पिवळी पानं, कडा उंदरानं खाल्लेल्या, नावापुढं 'हिंदू धनगर' आणि शेवटच्या रकान्यात 'सतत गैरहजर, नाव कमी'. दाखल जूनमध्ये, कमी डिसेंबरमध्ये. दिवाळीला वाडा हलला असणार आणि पोरगं बरोबर गेलं.

मी तिथंच बाकावर बसलो. सहाव्या वर्षी मला आत्याकडं ठेवलं तो दिवस आठवला, घोडीवर बिऱ्हाड, वर कोंबड्या, दोन कोकरं, मी वेशीपर्यंत पळत आलो पण आई तू वळून बघितलं नाहीस. ते लय वर्षं मनात होतं. आता लेकीला हॉस्टेलला सोडायचं म्हटल्यावर कळतंय का बघितलं नाहीस ते. बरोबर नेलं असतं तर माझ्या नावापुढं पण तोच शेरा पडला असता. नाही चुकलं आण्णा. दादाची शाळा राहिली ते मात्र मला सलतं, त्याच्या पोरांची फी मी भरणार, भांडू नको म्हणावं त्याला.

आणि मेंढरं. टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा झाल्या, चरायला पडीक रान राहिलं नाही, म्हणून विका विका मीच मागं लागलेलो. उरलेली बारा राहू द्या. रविवारी येतोय. कातरणी झाली असंल तर लोकर कुणाला देऊ नका, पोरीला हॉस्टेलवर न्यायला घोंगडं करायचंय.