डावखुऱ्या लेकीची रायफल: काकांना जाहीर पत्र

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले असते तर "पुरे रे, चहा टाक" म्हणून तुम्ही विषयच संपवला असता. म्हणून लिहितोय, आणि तेही चारचौघांत. आपल्या पेनसिल्व्हेनियात १३ वर्षांच्या डावऱ्या पोरीसाठी हरणाच्या शिकारीची रायफल शोधणारं आणखी एखादं मराठी घर असेल, तर त्यांच्याही कामी येईल.

लेकीला हा नाद मैत्रिणीच्या घरून लागला. पुण्याहून आईचा फोन आला, "हरणं मारणार तुम्ही?" तिकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते चांगलंच झालं. पण इथे पांढऱ्या शेपटीची हरणं उदंड आहेत आणि शिकारीला हंगाम आहे, परवाना आहे, कोर्स आहे. हे आईच्या गळी तुम्ही उतरवलंत, त्याचे आभार वेगळे.

दुकानात आमच्यापुढे उजव्या बोल्टची (काडतूस भरायचा-काढायचा दांडा उजवीकडे असलेली) .३०-०६ ही दणदणीत धक्क्याची रायफल ठेवली होती. "सवय होते," असं वर ऐकवलं. तुम्ही मात्र आधी पोरीचा डोळा तपासलात. दोन्ही तळव्यांच्या मधे छोटी फट करून तिला गराजच्या दाराची मूठ बघायला लावलीत आणि एकेक डोळा मिटायला सांगितलंत. उजवा उघडा ठेवला की मूठ गायब, डावा उघडा ठेवला की जागच्या जागी. "हातही डावा, डोळाही डावा. मग उजवी कशाला लादतोस तिच्यावर?" उजव्या बोल्टची रायफल डाव्या खांद्याला लावली, की दर गोळीनंतर हात स्कोपच्या दुर्बिणीवरून पलीकडे न्यायचा आणि रिकामं काडतूस नेमकं तोंडासमोरून उडणार. आमच्या घरात हिचा घास उजव्या हातात आणायचे प्रयोग बरेच झालेत, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

दुसरा सल्ला सगळ्यांचा एकच होता: मुलगी आहे, हलकी रायफल घ्या. तुम्ही तो साफ खोडलात. काडतूस तेच ठेवून रायफल हलकी केली तर खांद्याला धक्का जास्तच बसतो. कमी करायचं ते काडतूस. म्हणून .२४३ विंचेस्टर. .३०८ या जाड गोळीच्या काडतुसाचंच तोंड आवळून ६ मिलिमीटरच्या गोळीसाठी केलेलं, १९५५ पासून बाजारात. १०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घेतली तरी धक्का .३०-०६च्या जवळपास निम्माच. तुमचा स्वतःचा जीव ७ एमएम-०८ या काडतुसाच्या रायफलवर, हे मला ठाऊक आहे, आणि १२० ग्रेनच्या गोळीने तीही सौम्यच. पण .२४३ची काडतुसं खेड्यातल्या दुकानातही मिळतात, म्हणून तुम्ही आपली आवड बाजूला ठेवलीत. अट एकच घातलीत: अंतर शंभर यार्डांच्या आत, हरीण आडवं उभं, नेम पुढच्या पायामागे. नाहीतर चाप ओढायचाच नाही.

नळीच्या टोकाला मझल ब्रेक लावू का, विचारल्यावर तुम्ही चक्क ओरडलात. धक्का कमी होईल, पण आवाज वाढेल, आणि पोरं आवाजालाच जास्त दचकतात. तिच्या कानांत बोळे, वर मफ, असं दुहेरी संरक्षण तुमच्यामुळेच आलं.

शेवटी डाव्या बोल्टची सॅव्हेज ११० घेतली. तिच्या दस्त्याचे (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचे) स्पेसर, म्हणजे चकत्या, काढून लांबी कमी करता येते. लेकीचं कोपर काटकोनात धरून, दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवून, बोट चापापर्यंत पोचतं का हे तुम्ही तीन-तीनदा पाहिलंत. दस्ता लांब पडला की मूल मान पुढे काढतं आणि स्कोपची कड भुवईवर बसते, हे तेव्हा कळलं.

रेंजवरची तुमची एक युक्ती मला फार आवडली. तिच्या नकळत खऱ्या काडतुसांत एक खोटं सरकवायचं. तिने चाप ओढला, "टक्" एवढाच आवाज आला, आणि नळी मात्र धक्क्याच्या धास्तीने चांगली दोन बोटं खाली गेली! ती स्वतःच खो-खो हसली. काही बोलायची गरजच उरली नाही. मग पुन्हा छोट्या .२२च्या रायफलवर, पुन्हा .२४३वर, असं करत करत एका दुपारी खोट्या काडतुसावर नळी हललीच नाही.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हंगाम उघडला. नारंगी जाकिटात आम्ही दोघं बसलो होतो. पहिली मादी आली ती सरळ आमच्याकडे तोंड करून. लेकीने रायफल उचललीच नाही. मी कुजबुजलो, तर मलाच गप्प केलं. दुपारी दुसरी आली, आडवी उभी राहिली, आणि एका गोळीत काम झालं. खांदा दुखला का विचारलं, तर म्हणाली, "धक्का बसला का? आठवतच नाही."

अर्धं मांस 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट'मार्फत अन्नछत्रांना दिलं. उरलेल्यातलं तुमचं फ्रीझरमध्ये आहे, काकूंचा मसाला घेऊन या. येताना स्क्रूड्रायव्हरही आणा. पोरगी उंच झालीय, एक स्पेसर परत घालावा लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
डावरीचा बाबा