ट्यूबची रेघ दाखवणाऱ्या पेंटर काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं सोडून चारचौघांसमोर का लिहितोय, ते आधी सांगतो. जुन्या गाड्यांचे माझे फोटो बघितले की लोक विचारतात, कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, लाइट कुठले वापरले. पण त्या फोटोंत लोकांची नजर जिथे अडते ती बॉनेटपासून डिकीपर्यंत एका दमात गेलेली उजेडाची रेघ असते, आणि ती तुम्ही ठोकून, घासून, रंगवून तिथे आणलेली असते. फोटोखाली गाडीच्या मालकाचं नाव येतं, कंपनीचं येतं, साल येतं, माझंही येतं. डेंटर-पेंटरचं येत नाही. मला हे मनापासून चूक वाटतं. म्हणून तुमचे आभार जाहीरच मानायचे होते.

कुर्ल्याच्या तुमच्या शेडमध्ये मी आलो तो डुक्कर फियाटसाठी. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५४ पासून आपल्याकडे आणलेली फियाट ११००, अंगाने गोलमटोल, पुढची दारं उलटी उघडणारी. त्या गोल नाकाडाची ती गाडी मुंबई-पुण्यात डुक्कर फियाट म्हणूनच ओळखली गेली आणि मालक मंडळीही तिला प्रेमाने तसंच म्हणतात. पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी मॉडेलं येत गेली, १९६४ मध्ये डिलाइट आली आणि तीच नंतर प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या या कंपनीचा कारखाना कुर्ल्यातच होता. तुमच्या उमेदीची वर्षं तिथल्या पेंट शॉपमध्ये गेली. या गाड्यांचा पत्रा तुमच्या हाताला पाठ आहे, हे मी नंतर कितीदा तरी पाहिलं.

त्या दिवशी डाव्या दारावर प्रायमर मारून झाला होता. वाळलेल्या प्रायमरला चमक नसते, त्यात काही म्हणजे काही उमटत नाही. तुम्ही मगमध्ये पाणी घेतलंत, दाराच्या वरच्या कडेवरून सावकाश सोडलंत आणि खाली वाकून गाल जवळजवळ पत्र्याला लावलात. मला म्हणालात, "गाडी नको बघू. ट्यूब बघ." ओल्या प्रायमरवर छतावरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटली होती. तुम्ही डोकं हळूहळू वर-खाली केलंत तशी ती दारावरून सरकायला लागली, आणि हँडलच्या चार बोटं खाली आल्यावर एका जागी किंचित मुरडली. मला ती तुम्ही बोट ठेवल्यावर दिसली. "लांबी बसलीय इथं," म्हणजे खड्डा भरायला लावलेली पुट्टी खचलीय, असं म्हणत तुम्ही खडूने गोल केलात, मग डोळे मिटून त्यावरून अख्खा पंजा फिरवलात, आडवा नाही, गाडीच्या लांबीच्या दिशेने. मग लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून घासणं. परत पाणी. परत रेघ. ती सरळ होईपर्यंत तुम्ही चहाला हात लावला नाहीत.

काका, गाड्यांच्या फोटोग्राफीबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण ती जे सांगते ते सगळं त्या एका दारावर होतं. रंगवलेली गाडी हा आरसा आहे. आपण गाडीचा फोटो काढत नाही, गाडीत पडलेल्या प्रतिबिंबाचा काढतो. पत्र्याचा आकार डोळ्यांना कळतो तो त्यावर सरकणाऱ्या उजेडावरून. उजेडाचा स्रोत मोठा आणि एकसारखा असेल तर रेघ लांब, मऊ आणि अखंड येते. छोटा, टोकदार असेल तर पांढरा ठिपका पडतो आणि आकार मरतो. म्हणून भर दुपारचं ऊन नको, कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तर नकोच नको. सूर्य मावळल्यावर जी पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तेव्हा अख्खं आभाळ एक मोठी ट्यूब होतं. ढगाळ सकाळही चालते.

डुक्कर फियाटसारख्या गोल गाडीत तर सगळं जग शिरतं. विजेच्या तारा, समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या, बघे, आणि फोटो काढणारा. तेव्हापासून मी शूटला काळे कपडे घालून जातो, आणि कॅमेरा लावण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून नुसती प्रतिबिंबं बघतो. तुम्ही बघता तशी, डोकं वर-खाली करत. बाकीच्या गोष्टी कोणीही शिकवू शकतो: कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर ठेवावा, लांबून ८५ किंवा १०० मिमीच्या लेन्सने घ्यावं म्हणजे नाक फुगत नाही, पुढचं चाक असं वळवावं की टायरच्या नक्षीऐवजी हबकॅप कॅमेऱ्याकडे बघेल. पण कुठे उभं राहायचं हे रेघ सांगते. ती शिकवण तुमची.

आता त्या रात्रीबद्दल. गाडी पूर्ण झाली होती आणि मालकांना ती शेडमधल्या शेडमध्येच टिपून हवी होती, कारण दुसऱ्या दिवशी ती पुण्याला जाणार होती. शेडमध्ये लाइट लावायला जागा नाही, मागे भिंत, वर पत्रे, चारही बाजूंना डबे आणि स्टँड. मी म्हटलं, अंधार करू, शटर वीस सेकंद उघडं ठेवू आणि उजेड हातात धरून फिरवू. तुम्ही काही न बोलता चार फुटी एलईडी ट्यूब काढलीत, तिच्या मागे लाकडी पट्टी बांधलीत, पट्टीला वायर टेपने चिकटवलीत आणि काळं जर्किन चढवून बोनेटपाशी उभे राहिलात.

मी शटर दाबलं आणि तुम्ही चालायला लागलात. ट्यूब छपराच्या वर, गाडीला समांतर, सगळीकडे तेवढ्याच अंतरावर. पाऊल पडताना ट्यूब हलली नाही. डिकीपाशी पोचल्यावर मनगट वळलं नाही, सरळ बाहेर निघून गेलं. स्क्रीनवर जे आलं ते बघून मी गप्पच झालो. छपराच्या कडेवरून उतरलेला उजेड मागच्या मडगार्डवर फुगला होता आणि डिकीच्या उतारावर हळूहळू विझला होता. कुठे डाग नाही, कुठे खंड नाही. तुमचं चित्र कुठेही उमटलं नव्हतं, कारण तुम्ही क्षणभरही थांबला नव्हतात.

हे कसं जमलं, असं मी विचारल्यावर तुम्हालाच नवल वाटलं. "गन मारतो तसंच की," म्हणालात. आणि खरंच होतं ते. स्प्रे गन पत्र्यापासून एक वीत लांब, हात कमानीत न फिरवता सरळ न्यायचा, वेग एकच, ट्रिगर पॅनेलच्या बाहेर सोडायचा, आणि पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. थांबलं तर रंग ओघळतो, घाई केली तर कोरडा बसतो. आयुष्यभर रंग असा मारलेल्या हाताने उजेडही तसाच मारला. नंतर मी बाजू, बोनेट आणि चाकं वेगवेगळी घेऊन कॉम्प्युटरवर जोडली, ते काम कुणीही शिकलेला करेल. ती चाल मात्र शिकवून यायची नाही. महागडे स्ट्रिप लाइट घेऊन काम करणारे माझे मित्र तो फोटो बघून स्टुडिओ कुठला म्हणून विचारतात. मी त्यांना तुमच्या शेडचं नाव सांगतो आणि हे पत्र दाखवेन.

अजून एका गोष्टीचे आभार राहिलेत. या गाडीचा मूळ रंग तुम्ही शोधलात तो दाराच्या आतल्या पॅडमागे, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. करडा निळा, ढगाळ दिवसाच्या समुद्रासारखा. तुम्ही बोटभर पत्र्याच्या तुकड्यांवर रंगाच्या छटा मारत गेलात आणि प्रत्येक तुकडा वाळेपर्यंत थांबलात, कारण ओला रंग एक दिसतो आणि वाळल्यावर दुसरा. मग शेडच्या बाहेर उजेडात नेऊन पॅडमागच्या रंगाशेजारी धरायचा. त्यातला जुळलेला तुकडा तुम्ही माझ्या खिशात घातलात: "फोटोत रंग बदललास तर मग आम्ही काय केलं?" तो तुकडा माझ्या मॉनिटरशेजारी आहे. एडिटिंग करताना निळा जरा जास्त गडद केला की फोटो भारी दिसतो, लाइकही जास्त पडतात, हे मला ठाऊक आहे. त्या गाडीचा रंग मी तुकड्याला धरूनच ठेवला. आता प्रत्येक गाडीच्या वेळी मालकांना विचारतो की मूळ रंग कुठे उरलाय, आणि आधी तिथला फोटो घेतो.

क्रोमचंही तसंच. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक कापणारा फिल्टर, फिरवला की काचेवरची आणि रंगावरची चमक कमी होते, पण बंपरवर त्याचं काही चालत नाही, धातूची चमक ऐकत नाही. तुम्ही गाडीवर घालायची काळी चादर घेऊन बंपरसमोर अशी धरलीत की त्याची कड आपोआप काळ्या रेषेने आखली गेली. धूळ कोरडी पुसायची नाही, आधी पाण्याने सोडवायची आणि मग मलमलने टिपायची, हेही तुमचंच. जुना ड्युको, म्हणजे गाड्यांना पूर्वी मारायचे तो रंग, नाजूक असतो, फोटोच्या हौसेपायी त्यावर ओरखडे पडलेले मी रॅलीत पाहिलेत, आणि तेव्हा फार वाईट वाटतं.

आणि टॅक्स्या. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. त्याआधी तुम्ही सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर स्टँडवर यायचात. मी समोरून, जाळी आणि कॅरियरसकट फोटो घेत होतो. तुम्ही मला ड्रायव्हरच्या दाराकडे नेलंत. खिडकीच्या खालच्या कडेवर कोपर टेकून टेकून रंग झिजला होता: वर काळा, त्याखाली आणखी एक काळा, मग रेड ऑक्साइड प्रायमरची विटकरी कड, आणि मधोमध उघडा, गुळगुळीत पत्रा. "हे रंगवू नका म्हणावं," तुम्ही म्हणालात. आयुष्यभर पत्रा झाकण्याचं काम केलेला माणूस हे म्हणतो याचं मला फार मोल वाटलं. तो कोपराचा फोटो माझ्या सगळ्या टॅक्सी फोटोंमध्ये मला सर्वांत जवळचा आहे.

पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ पासून केंद्राच्या नियमांत वेगळी जागा मिळाली, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, रॅलीत आणि प्रदर्शनात त्या मिरवतात. त्यांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. पण ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पद्मिनी मधल्या मध्ये अडकल्या आहेत. विंटेज म्हणण्याइतक्या जुन्या नाहीत आणि सांभाळण्याइतक्या नव्या नाहीत. भंगारात जातात त्या याच. तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणालात की कारखान्यात शेवटी शेवटी रंगवलेल्या गाड्या आता कुठे असतील कोण जाणे. मी तेव्हापासून त्याच शोधतोय. गल्लीत कव्हरखाली उभी असलेली पद्मिनी दिसली की वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवतो. लोक कव्हर काढून देतात, चहा देतात, आणि गाडीच्या गोष्टी सांगतात. हा नाद मला तुमच्यामुळे लागला.

काका, डुक्कर फियाटचा तो रात्रीचा फोटो मोठा छापून घेतलाय, वीस बाय तीस इंच. मालकांनीही त्यावर तुमचं नाव टाकायला आनंदाने होकार दिला. पण तुमचं एकट्याचं टाकून भागणार नाही. टिंकरिंग, म्हणजे पत्रा ठोकून सरळ करणं, तुमच्या जोडीदाराने केलं, सीट कव्हर शिवणारे मास्तर वेगळे, बंपर क्रोम करून आणणारे वेगळे, आणि रात्री वायर उचलून तुमच्या मागे मागे चालणारा तो मुलगा. त्या सगळ्यांची नावं मला हवीत, जशी ते स्वतः लिहितात तशी. या रविवारी सकाळी येतो, फोटो घेऊन आणि पेन घेऊन. तोवर त्यांना विचारून ठेवा.

तुमचा,
फोटोवाला