होस्टेलच्या पोरांसाठी समुपदेशक नेमला का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी जळगावात कॉलेजच्या पोरापोरींना मेसचे डबे देते. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, रावेर, कुठून कुठून मुलं येतात, होस्टेलला नाहीतर रूम करून राहतात. डब्यावरून पोराचं बरंच कळतं हो. मागच्या वर्षी एकाचा डबा सारखा भरलेला परत यायला लागला, आवडीची शेवभाजी पण तशीच, पोळ्या वाळून कडक. रूम पार्टनर म्हणे, मावशी तो आळशी झालाय, दिवसभर पडून असतो. रेक्टरच्या रजिस्टरमध्ये गैरहजेरी बरोबर लिहिलेली, पण पोरगा का येत नाही हे कोणी विचारलं नव्हतं. घरून रोज फोन, "बरं शे ना?" आणि हा म्हणायचा "हां, बरं शे". त्याला स्वतःलाच कळत नव्हतं काय होतंय, डोकं दुखतं एवढंच सांगायचा. शेवटी मोठा भाऊ आला, मानसोपचार डॉक्टरला दाखवलं, डिप्रेशन निघालं, औषधं सुरू झाली, आता परत लेक्चरला जातोय.

दोन आठवडे झाले तरी मन उदास, कशात रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, अभ्यासात लक्ष नाही, असं असलं तर डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे. आपल्याकडे त्याला नाटकं म्हणतात, ह्याचा फार राग येतो मला. घरी असतं तर आईच्या लक्षात आलं असतं, होस्टेलला कोण बघणार?

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ पाहिजे, आणि शिकवणाऱ्या, न शिकवणाऱ्या सगळ्या स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग द्यायचं. त्यात वॉचमन आणि मेसवाल्यांना पण बसवा, कारण पोरगं रोज दिसतं ते आम्हाला. सरकारचा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी मदतीचा, १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पण पोरांना विचारलं तर बऱ्याच जणांना माहीतच नाही. फी भरायची नोटीस लावता तिथेच हा नंबर लावायला काय हरकत आहे?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोणत्या कॉलेजांनी समुपदेशक नेमला, आणि नेमला असेल तर तो लेक्चर सुटल्यावर संध्याकाळी होस्टेलला भेटतो का, हे तुमच्या पेपरने एकदा विचारून छापावं ही विनंती.

– एक मेसचालक, जळगाव