परसातलं तळं गोठायच्या आत

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "शेंदऱ्या गेला गं," आणि फोन आईच्या हातात दिला. तेव्हापासून ते तळंच डोळ्यांसमोर आहे. अकरा वर्षांचा होता तो मासा. बाबांनी निवृत्तीनंतर तळं खणलं त्याच उन्हाळ्यात आला होता, करंगळीएवढा.

आई, तू पाठवलेला ठिपकीचा फोटो मी मोठा करून करून पाहिला. पाठीवरच्या पराच्या मागे तीन खवले निघालेत, खालची गुलाबी कातडी दिसतेय, पण जखमेच्या कडा स्वच्छ आहेत. बगळ्याच्या चोचीतून निसटली बिचारी. त्या जागी कापसासारखं पांढरं काही धरलं तर मला लगेच कळव, ती बुरशी असते. गारठ्यात माशांचं सगळं शरीरच मंदावतं, त्यामुळे जखम भरायला फार दिवस लागतात. रोज लांबूनच बघत जा. जाळ्याने पकडून बाहेर काढू नका, त्या धडपडीत अजून चार खवले जातील.

बगळा पुन्हा येणार, हे धरूनच चाला. एकदा मासा मिळाला की तो ती जागा सोडत नाही, आणि नेमके हेच दिवस त्याच्या सोयीचे. कुमुदिनीची पानं वाळून गेली, शेवाळ ओसरल्यामुळे पाणी तळापर्यंत नितळ दिसतं. उन्हाळ्यात जो मासा नुसती सावली हलली की पानाखाली शिरायचा, त्याला आता लपायला पान नाही आणि पळायला अंगात जोर नाही. बाबा, तुम्ही कडेला उभा केलेला तो प्लॅस्टिकचा बगळा काढून टाका. न हलणाऱ्या बाहुल्याला पक्षी थोड्याच दिवसांत सरावतात. उलट आपल्यातलाच एक तिथे निवांत उभा आहे म्हणजे जागा बरी आहे, असंही खऱ्या बगळ्याला वाटू शकतं.

तो झेप घेऊन मासा पकडत नाही. कडेला उतरतो, उथळ पाण्यात एकेक पाऊल टाकत येतो आणि मग कितीतरी वेळ दगडासारखा थांबतो. आपल्या तळ्याची नळाकडची कड उतरती आहे, तीच त्याची वाट. म्हणून त्या बाजूने जाळी अगदी घट्ट हवी, पाण्यापासून वीतभर वर आणि कडेच्या दगडांखाली दाबलेली. मधे झोळ राहिला तर तो जाळीवरच उभा राहून खाली चोच मारतो. शिवाय सैल जाळीत बेडूक, चिमण्या, साप अडकून मरतात, तेही आपल्याला नको. तळाशी मातीचे दोन रुंद पाइप आडवे ठेवले की माशांना शिरायला जागा होईल. मांजरांचाही बंदोबस्त याच जाळीने होतो. खंड्या मात्र बारीक पिल्लांवर टपतो, त्यामुळे जाळीची भोकं मोठी नकोत.

ही जाळी पानगळही वर अडवते. पान पाण्यात पडून तळाशी गेलं की कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि त्यातून वायू सुटतात. गाळ ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तोच. एरवी ते वरच्या वर निघून जातात, पण बर्फाचं झाकण बसलं की तळ्यातच कोंडतात. गोठलेल्या तळ्यातले मासे बऱ्याचदा थंडीने मरत नाहीत, या कोंडमाऱ्याने मरतात.

आई, आता तुझ्याशी बोलते. तू दाणे घेऊन गेलीस की ते अजूनही हळूहळू वर येतात, तोंड उघडतात, आणि ते बघून तुझा हात थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. पाणी पंधरा अंशांच्या खाली गेलं की त्याचं पचन मंदावतं. तेव्हा पचायला हलका, गव्हाच्या अंकुराचा दाणा, तोही थोडा आणि दुपारी. दहा अंशांच्या खाली काहीच नाही. दिलेलं नीट पचत नाही, उरलेलं तळाशी कुजतं, आणि ती घाण पचवणारे फिल्टरमधले जिवाणूही गारठ्यात धिमे झालेले असतात. अंगावरच्या चरबीवर ते हिवाळा काढतात, निसर्गाने त्यांना तसंच घडवलंय. मधे एखादा दिवस छान ऊन पडलं तरी दाणे देऊ नकोस, दुसऱ्या दिवशी पुन्हा गारठा येतो आणि खाल्लेलं तसंच राहतं. तरंगता थर्मामीटर आहे, तो बघून ठरव. ते तळाशी पर मिटून निश्चल बसले की तुझा जीव घाबरतो. घाबरू नकोस, ते विसावलेले असतात.

बाबा, मागच्या हिवाळ्यात तुम्ही हातोड्याने बर्फ फोडलात. त्या ठोक्याचा धक्का पाण्यातून थेट माशांना बसतो. त्यापेक्षा गरम पाण्याने भरलेलं पातेलं बर्फावर ठेवायचं, खालचा बर्फ वितळून भोक पडतं. पण ते पातेलं घेऊन त्या निसरड्या दगडांवर तुम्ही जायचं नाही. म्हणून मी हवेचा पंप घेतलाय. त्याचा बुडबुडे सोडणारा दगड वरच्या थरातच ठेवायचा, तळाशी नाही. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे वर बर्फ धरला तरी खाली चार अंशांच्या आसपासचं पाणी टिकून राहतं आणि मासे तिथेच बसतात. तळ ढवळला तर त्यांची तेवढी ऊबही जाईल. धबधबाही याच कारणाने बंद करायचा. पाइपमधलं पाणी काढून टाकायचं, कारण गोठताना पाणी नऊ टक्क्यांनी फुगतं आणि पाइप तडकतो.

हे सगळं करायला मी शनिवारी येते आहे. जाळी, पंप, गाळ उपसणं, कुमुदिनीच्या कुंड्या खोल बाजूला सरकवणं, सगळं मी करेन. मासे तुमच्याइतकेच माझेही लाडके आहेत, पण शेवाळलेल्या कडेवर वाकलेले बाबा आणि मागून त्यांचा सदरा धरून उभी असलेली आई, हे चित्र मला झोपू देत नाही. तोवर बगळा दिसला तर खिडकी वाजवा, अंगणात धावत जाऊ नका. तो पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त येतो, त्या वेळी खिडकीशी बसलात तरी पुष्कळ आहे.

एकच काम तुमच्याकडे सोपवते. दुपारी, ऊन असताना, ओट्यावरच उभं राहून लांब काठी खोल बाजूला सोडा आणि ती कुठवर भिजली ते मोजा. काठी गाळात रुतू देऊ नका, नुसतं पाणी किती आहे तेवढंच हवंय. खणलं तेव्हा नव्वद सेंटिमीटर होतं. आता साठच्या खाली भरलं तर बर्फात एक भोक उघडं ठेवणारा तरंगता हीटरही घेऊन येईन. आकडा शुक्रवारी रात्री फोनवर सांगा, मी वाट बघते.

तुमची,
धाकटी